भूभौतिकशास्त्राचा अभ्यास कसा आंखावा?

दहावीची परीक्षा उतरलेल्या विद्यार्थ्यास घरीं-दारीं एकच प्रश्न विचारला जातो, 'पुढें काय करणार?' याचीं उत्तरेंही बहुधा ठरलेलीं असतात. कोणी वैद्यकाकडे वळतो, कोणी यंत्रविद्येकडे, कोणी संगणकाकडे. हीं क्षेत्रें चांगलीं आहेत. परंतु विद्येच्या मंदिरास एवढींच दारें नाहींत. ज्यास पदार्थविज्ञान व गणित यांची गोडी आहे, पण सारा जन्म चार भिंतींच्या आंत काढावा असें वाटत नाहीं, अशा विद्यार्थ्याकरितां एक दार उघडें आहे, आणि त्याकडे आपल्या भागांतील फार थोड्यांचें लक्ष जातें. त्या शास्त्राचें नांव भूभौतिकशास्त्र, म्हणजेच जिओफिजिक्स. हा विषय विद्यापीठांत मुख्य म्हणून घ्यावयाचा असल्यास तयारी कशी करावी, आणि मुळांत तो कां घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. शास्त्राचें स्वरूप

बाजारांत मडकें घेतांना आपली आजी तें बोटानें वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडकें पक्कें; बद्द आला तर कोठें तरी चीर आहे असें समजावें. मडकें न फोडतां त्याच्या अंगांतील दोष ओळखण्याची ही युक्ति आहे. भूभौतिकशास्त्र पृथ्वीच्या बाबतींत हेंच करतें. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,३७० किलोमीटर आहे. मनुष्यानें सरळ खालीं पाडलेलें सर्वांत खोल छिद्र रशियांत कोला येथें आहे, आणि त्याची खोली अवघी १२ किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे. म्हणजे पृथ्वी हें आंब्याचें फळ मानलें, तर अजून आपण तिची सालही पुरती सोललेली नाहीं. मग आंतील कोयीची वार्ता आपणांस कशी लागली? ती चार साधनांनीं लागली: भूकंपाच्या लहरी, गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व आणि वीज.

भूशास्त्रज्ञ दगड हातांत घेऊन त्याची जात व वय सांगतो. भूभौतिकशास्त्रज्ञ न दिसणाऱ्या दगडाचें मापन करतो. दोघांचें काम एकमेकांस पूरक आहे. परंतु दुसऱ्याची भाषा पदार्थविज्ञानाची व गणिताची असते. हा भेद विद्यार्थ्यानें आरंभींच ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व योजना त्यावर अवलंबून आहे.

२. किल्लारीचा धडा

सोलापूरच्या विद्यार्थ्यास या शास्त्राचें महत्त्व पटविण्यास दूरचें उदाहरण नको. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां निजले होते. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसें मृत्यु पावलीं. भूकंपाचें परिमाण ६.२ च्या आसपास होतें. याहून मोठे भूकंप जगांत दरवर्षीं होतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांत एवढा संहार होत नाहीं. मग येथेंच तो कां झाला? भूकंपाचें मूळ जमिनीखालीं फार खोल नव्हतें, हें एक कारण. दुसरें कारण घरांचें. भिंती जाड दगडांच्या, चिखलांत रचलेल्या, आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंडावा देणारें तेंच माळवद त्या पहांटे निजलेल्यांच्या अंगावर आलें.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा प्रदेश त्यापूर्वीं भूकंपाच्या दृष्टीनें देशांतील सुरक्षित प्रदेशांत गणला जात असे. नकाशावर तो सर्वांत खालच्या वर्गांत होता. पुढें २००२ सालीं हा नकाशा सुधारण्यांत आला, तेव्हां तो सर्वांत खालचा वर्गच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या वर्गांत घालण्यांत आला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडलें. त्यांत सुमारें ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण लागला, त्याखालीं गाळाचा एक पातळ थर, आणि त्याहून खालीं अतिप्राचीन खडक. ज्या जमिनीवर आपण निर्धास्त उभे आहों, तिच्या पोटांत काय आहे हें तपासल्यावांचून तिला निर्धोक म्हणतां येत नाहीं, हा किल्लारीचा धडा होय.

आतां या भूकंपावरूनच एक गणित करून पाहूं. भूकंपापासून मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी खडकांतून निघतात. पहिली दाबाची, ती सेकंदास सुमारें ६ किलोमीटर धांवते. दुसरी आडव्या हेलकाव्याची, तिचा वेग सेकंदास सुमारें ३.५ किलोमीटर. किल्लारी सोलापुराहून सरळ रेषेंत सुमारें ८० किलोमीटर आहे. तेव्हां पहिली लहर येथें पोहोंचण्यास ८० ÷ ६ = १३.३ सेकंद, आणि दुसरीस ८० ÷ ३.५ = २२.९ सेकंद लागतील. दोहोंमधील अंतर सुमारें ९.५ सेकंदांचें. भूकंपमापकावर हें अंतर मोजलें, कीं उलट गणितानें भूकंप किती दूर झाला तें निघतें: दर एका सेकंदाच्या अंतरामागें सुमारें ८.४ किलोमीटर. एका ठिकाणच्या मापनानें अंतर कळतें, पण दिशा कळत नाहीं. म्हणून तीन ठिकाणांहून तीन वर्तुळें काढावीं. तीं जेथें मिळतील तेथें भूकंपाचें स्थान. दहावीच्या भूमितीपलीकडे यांत कांहीं नाहीं.

महाराष्ट्रांतील दुसरें क्षेत्र कोयनेचें. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे तेथें मोठा भूकंप होऊन सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या जलाशयांत पाणी साठूं लागल्यानंतर तेथें धक्के सुरू झाले, आणि जलाशयामुळें उद्भवणाऱ्या भूकंपांचें अभ्यासस्थान म्हणून कोयनेचें नांव जगभर झालें. भूकंपाच्या उगमाजवळ जाऊन पाहण्यासाठीं तेथें सुमारें ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें असून, त्या कामाकरितां कऱ्हाड येथें केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. म्हणजे जगांतील विद्वान् जें पाहावयास येतात, तें आपल्या दारापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अमुक दिवशीं अमुक वेळीं भूकंप होईल, असें आजही कोणास सांगतां येत नाहीं. जो तसें सांगतो त्यावर विश्वास ठेवूं नये. कोणत्या भागास धोका किती, जमीन किती जोरानें हलेल, आणि घर कसें बांधावें, एवढें शास्त्र सांगूं शकतें. तेवढें वेळीं कळलें व आचरणांत आलें, तरी हजारों जीव वांचतात.

३. पाण्याचा शोध

सोलापूर जिल्हा अवर्षणाचा. येथील शेतकरी विहीर किंवा बोअर घेण्यापूर्वीं बहुधा पाणाड्यास बोलावतो. बोअर कोरडी जाते; कर्ज मात्र राहतें. या ठिकाणीं भूभौतिकशास्त्राचा उपयोग थेट घरापर्यंत येतो.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांनीं बनलेला आहे. अखंड कातळांत पाणी राहत नाहीं. तें झिजलेल्या मुरमांत, भेगांत व मांजऱ्या खडकांत राहतें. ओल्या, झिजलेल्या खडकांतून वीज सहज वाहते, कोरड्या कातळांतून अडखळत वाहते. म्हणून जमिनीत एका ओळींत समान अंतरावर चार लोखंडी खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडावयाचा, आंतल्या दोहोंमध्यें विजेचा दाब मोजावयाचा. खुंट्यांमधील अंतर 'अ', दाब 'द' आणि प्रवाह 'प्र' असल्यास, जमिनीची रोधकता = २ × ३.१४ × अ × (द ÷ प्र).

समजा, खुंट्या १० मीटर अंतरावर असतां दाब ०.०५ व्होल्ट व प्रवाह ०.१ अँपिअर आला. तर रोधकता २ × ३.१४ × १० × ०.५ = ३१.४ ओहम-मीटर. आतां अंतर ३० मीटर केलें. खुंट्या जितक्या दूर, तितका प्रवाह खोल उतरतो. या वेळीं दाब ०.०९ व्होल्ट व प्रवाह तोच. तर रोधकता २ × ३.१४ × ३० × ०.९ = १६९.६ ओहम-मीटर. याचा अर्थ, वर ओलसर झिजलेला थर असून खालीं कातळ असावा. तेथें खोल बोअर घेण्यापेक्षां रुंद विहीर बरी, असा तर्क करतां येतो. मात्र हा तर्कच. चिकणमातीचीही रोधकता कमी असते. म्हणून केवळ आंकड्यावर न विसंबतां आसपासच्या विहिरी पाहाव्या, भूशास्त्रज्ञास विचारावें. यंत्र उत्तर देत नाहीं. तें पुरावा देतें, आणि न्याय माणसानें करावयाचा असतो.

४. पूर्वसूरींचे दोन दाखले

हें शास्त्र परक्या भूमींत वाढलें व आपण तें आयतें घेतलें, असें समजूं नये. त्याचे कांहीं मोठे प्रश्न याच देशांत उपस्थित झाले.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं दक्षिणेंत हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. हें काम करतां करतांच १८२३ सालीं वर्ध्याजवळ हिंगणघाट येथें त्यास मरण आलें. त्याच्या मागून एव्हरेस्ट यानें मोजणी उत्तरेस नेली. हिमालयाजवळचें कलियाना आणि मध्य हिंदुस्थानांतील कलियानपूर यांमधील अंतर दोन रीतींनीं काढलें असतां त्यांत ५.२३६ विकलांचा फरक पडला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असून उत्तम गणिती होते. त्यांनीं हिशेब केला कीं, हिमालयाच्या आकर्षणानें ओळंबा ओढला जात असेल, तर फरक सुमारें १५.९ विकलांचा पडावयास हवा. म्हणजे प्रश्न उलटला! ओळंबा कां ढळला हें नव्हे, तर इतका कमी कां ढळला हें कोडें झालें. त्यांतूनच १८५५ च्या सुमारास प्रॅट व एअरी यांनीं असा विचार मांडला कीं, उंच पर्वतांच्या खालीं हलकें द्रव्य असतें, आणि पर्वत जणूं पाण्यावरील लांकडासारखे तोललेले असतात. पांच विकलांची चूक म्हणून जी बाजूस टाकली असती, तिच्यांत पर्वतांच्या मुळांचें रहस्य दडलेलें होतें.

दुसरा दाखला मुंबईचा. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन होत असे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची नोंद तेथें झाली, व आजही जगांतील संशोधक ती नोंद अभ्यासतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूचीचें मापन बिघडणार, हें ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनीं अलिबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ पासून तेथें मापन सुरू झालें, आणि कांहीं काळ दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, कीं जुन्या-नव्याची सांगड तुटूं नये. त्या परंपरेंतूनच भारतीय भूचुंबकत्व संस्था निघाली; ती आज नवी मुंबईंत पनवेल येथें आहे. शास्त्रांत तेजस्वी कल्पनेइतकेंच महत्त्व अखंड, प्रामाणिक नोंदीस आहे, हें मूस यांच्या चरित्रावरून शिकावें.

विद्यार्थिनींनीं हा विषय आपला नव्हे असें मानूं नये. पृथ्वीच्या गर्भाच्या आंत आणखी एक निराळा गर्भ आहे, हा शोध १९३६ सालीं डेन्मार्कच्या इंगे लेहमान या विदुषीनें केवळ भूकंपलहरींच्या नोंदी बारकाईनें वाचून लाविला.

५. अभ्यासाची आंखणी

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या वाटेवरील पहिलें वळण विद्यापीठांत नाहीं. तें अकरावीच्या प्रवेशाच्या कागदावर आहे. पुष्कळ विद्यार्थी विज्ञानशाखा घेतात, पण गणिताच्या भीतीनें त्याऐवजीं दुसरा विषय घेतात. सोळाव्या वर्षीं केलेली ती एक खूण पुढें पांच वर्षांनीं आडवी येते. म्हणून पहिला नियम असा: अकरावी-बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे तीन विषय सोडूं नयेत. चौथा विषय आवडीचा घ्यावा; भूगोल किंवा संगणक उपयोगी पडेल.

बारावीनंतर मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट थेट आहे. रुडकी, खरगपूर व धनबाद येथील भारतीय तंत्रज्ञानसंस्थांतून भूभौतिकशास्त्राचे चार-पांच वर्षांचे अभ्यासक्रम चालतात. तेथें प्रवेश जेईई अॅडव्हान्स्ड या परीक्षेंतील क्रमांकावर मिळतो. विषयाची निवड निश्चित असेल आणि स्पर्धेची तयारी असेल, त्यानें ही वाट धरावी. मात्र यंत्रविद्येस जागा मिळाली नाहीं म्हणून निरुपायानें येथें जाऊं नये. न आवडणारा विषय पांच वर्षें वाहून नेणें फार जड असतें.

दुसरी वाट घरावरून जाते, आणि आपल्यापैकीं बहुतेकांस तीच सोयीची आहे. सोलापुरांतच राहून पदार्थविज्ञान मुख्य व गणित जोडीस घेऊन बी. एस्‌सी. व्हावें. नंतर जॅम या प्रवेशपरीक्षेनें मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें उपयोजित भूभौतिकशास्त्राच्या एम. एस्‌सी.स जातां येतें. याखेरीज बनारस हिंदु विद्यापीठ, हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ व विशाखापट्टणचें आंध्र विद्यापीठ येथेंही हा विषय शिकवितात. या वाटेचा लाभ असा कीं, तीन वर्षांचा वसतिगृहाचा खर्च वांचतो, आणि निर्णय थोडा पक्व वयांत घेतां येतो. आईबापांवर कर्जाचा बोजा न घालतां शिकूं इच्छिणाऱ्यानें ही वाट कमी दर्जाची समजूं नये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील भूभौतिकतज्ज्ञाच्या जागेस पदार्थविज्ञानाचा एम. एस्‌सी. देखील पात्र धरला जातो, हेंही लक्षांत ठेवावें.

तिसरी वाट भूशास्त्राकडून येते. ज्यास दगड, खनिजें व नकाशे यांची ओढ अधिक, त्यानें भूशास्त्र घ्यावें. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठांत भूशास्त्र संकुल आहे. तेथील अध्यापकांस भेटून सल्ला घेणें हें कोणत्याही माहितीपत्रापेक्षां अधिक फलदायी होईल. या वाटेनें जाणाऱ्यानें गणिताचा हात मात्र सुटूं देऊं नये.

प्रवेशाचे नियम वर्षावर्षास बदलतात. म्हणून ऐकीव गोष्टींवर न जातां त्या त्या संस्थेचें चालू वर्षाचें माहितीपत्र स्वतः वाचावें, आणि त्यांतील पात्रतेचें कलम दोनदां वाचावें.

कोणतीही वाट धरली, तरी चार गोष्टींचा पाया पक्का हवा. कलनशास्त्र, कारण लहरींचें गणित त्यावांचून उलगडत नाहीं. वीज, चुंबकत्व व लहरी हे पदार्थविज्ञानाचे भाग. संगणकाची एखादी भाषा, उदाहरणार्थ पायथन. कारण आज नोंदींचे ढीग हातांनीं चाळतां येत नाहींत. आणि चौथी गोष्ट, स्वच्छ लेखन. अहवाल समजला नाहीं, तर सर्व मापन व्यर्थ.

पुढें पोटापाण्याचें काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनें भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळ यांत जागा भरतात. तेल व नैसर्गिक वायु महामंडळ भूभौतिकतज्ज्ञ घेतें. मुंबईच्या समुद्रांतील तेलक्षेत्र १९७४ सालीं सांपडलें, तें अशाच लहरींच्या मापनानें जागा हेरून. धरणें, बोगदे व खाणी यांच्या कामीं खासगी संस्थांसही हें ज्ञान लागतें. परंतु जागा मोजक्या असतात, उन्हातान्हांत हिंडावें लागतें, आणि घरापासून दूर राहावें लागतें. हें जाणूनच पाऊल टाकावें.

६. आजच करण्याजोगा एक प्रयोग

विद्यापीठाची वाट न पाहतां शाळेंतच आरंभ करतां येईल. बळकट दोऱ्यास लहान धोंडा बांधून, आधारापासून धोंड्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबीचा लंबक करावा. त्यास थोडासाच झोका द्यावा आणि शंभर हेलकाव्यांस लागणारा वेळ मोजावा. समजा २००.९ सेकंद लागले. तर एका हेलकाव्यास २.००९ सेकंद. गुरुत्वीय प्रवेग = ४ × (३.१४१६)² × १ ÷ (२.००९)² = ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आतां पाहा, वेळ मोजतांना अवघ्या एका सेकंदाची चूक झाली, तर उत्तरांत शेंकडा एकाची चूक येते. उलट आजचें गुरुत्वमापक यंत्र दहा कोटींत एक भाग इतका सूक्ष्म फरक दाखवितें. आपल्या दोऱ्यापासून त्या यंत्रापर्यंतचें जें अंतर, तेंच या शास्त्राच्या अभ्यासाचें अंतर होय.

याबरोबर आपल्या गल्लींतील किंवा शेतांतील एका विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्यास मोजून वहींत लिहावी. एक वर्ष ही वही चालविली, कीं आपणांस नोंदीचा कंटाळा येतो कीं गोडी लागते, हें आपोआप कळेल. आणि विषय घ्यावा कीं नाहीं, याचा निकालही बऱ्याच अंशीं लागेल.

विद्यार्थिमित्रहो, परमेश्वरानें ही पृथ्वी आपल्या पायांखालीं दिली, आणि तिच्याविषयीं विचार करणारी बुद्धीही दिली. किल्लारीच्या मातीखालीं जीं माणसें निजलीं, त्यांना आतां कोणीही उठवूं शकत नाहीं. परंतु आज आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्यां एखाद्या गांवास सांगूं शकेल कीं, येथें घर असें बांधा, येथें पाणी शोधा, येथें खोदूं नका. त्या सांगण्यावर लोकांनीं विसंबावें एवढें ज्ञान त्याच्यापाशीं असलें पाहिजे. आणि त्याचा आरंभ अकरावीच्या प्रवेशपत्रावर 'गणित' हा विषय लिहिण्यापासून होतो.